प्लॅटफॉर्मची मेहेरबानी किती दिवस टिकते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही भौतिकशास्त्रातल्या संकल्पना सोप्या करून सांगणारे मिनिटभराचे व्हिडिओ बनवता आणि तोच व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्स, इन्स्टाग्राम रील्स आणि फेसबुक असा तिन्हीकडे टाकता. तिन्हीकडच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. मध्यंतरी रील्स जोरात होत्या, आता त्या बसल्या आणि शॉर्ट्स चढले. दिसायला सगळी ॲप्स सारखीच झाली आहेत, मग ही एवढी कशावरून भांडतात आणि आपण नेमकं कुणाचं बोट धरायचं, असं तुम्ही विचारता. शिवाय बसलेलं अकाउंट सोडून नवीन काढू का, हेही.

कुठला प्लॅटफॉर्म चांगला, या चर्चेत फारसा अर्थ नाही. आज एखाद्या गोष्टीला मिळणारा जोर सहा महिन्यांनी राहील की नाही हे आधी कसं ओळखायचं, हे तुम्हाला खरं हवं आहे. त्याचं उत्तर त्यांच्या भांडणातच सापडतं. मी काही वर्षं एका व्हिडिओ ॲपच्या टीममध्ये होम फीड (म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणारी व्हिडिओंची रांग) आणि नोटिफिकेशनचं काम केलं, आता क्रिएटर मंडळींच्या चॅनेलचं नियोजन बघते. त्यामुळे दोन्ही बाजू आतून पाहिल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: तुमचा प्रेक्षक कोणत्या वयाचा आहे आणि तुमचे पैसे जाहिरातींतून येतात की शिकवणीतून, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडेल तिथे तसं म्हणेन.

आधी भांडणाचं मूळ. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती वाढत गेली की तुटवडा लक्षाचा पडतो, कारण माहिती वाचणाऱ्याचं लक्ष खाते. या कंपन्यांचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचं आहे आणि जाहिरात दाखवायला माणूस स्क्रीनसमोर लागतो. दिवसाचे तास काही वाढत नाहीत. त्यामुळे एकाकडे गेलेलं मिनिट हे दुसऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं, मग तो दुसरा सोशल मीडियावाला असो वा नसो. नेटफ्लिक्सने २०१९ च्या जानेवारीत भागधारकांना लिहिलेल्या पत्रात आपली स्पर्धा एचबीओ या टीव्ही वाहिनीपेक्षा फोर्टनाइट या गेमशी जास्त आहे असं सरळ म्हटलं होतं.

बाहेरून वाटतं की ही स्पर्धा फीचरची आहे. आत बसल्यावर ती दोन क्षणांची असते. पहिला, फोन हातात घेतल्यावर अंगठा कुठल्या आयकॉनवर पडतो. दुसरा, चालू असलेली गोष्ट संपल्यावर पुढे काय होतं. आमच्या मीटिंगमध्ये अमुक ॲपला कसं हरवायचं हा विषय क्वचित निघायचा. या दोन क्षणांपैकी कुठला निसटतोय, यावर मात्र रोज डोकं लावलं जायचं.

पहिल्या क्षणाचं हत्यार म्हणजे नोटिफिकेशन. एक नमुना देते. एकाच घटनेसाठी आम्ही दोन मजकूर तयार करायचो. एकात नाव लिहिलेलं, म्हणजे अमुकने नवीन व्हिडिओ टाकला. दुसऱ्यात नाव लपवलेलं: "तुमच्या ओळखीच्या एका व्यक्तीने काहीतरी टाकलं आहे." प्रेक्षकांचे दोन गट करायचे, एकाला पहिला पाठवायचा, दुसऱ्याला दुसरा. नाव लपवलेला जास्त उघडला जायचा, कारण नाव कळलं की बऱ्याच जणांची उत्सुकता तिथेच भागते. पण त्याच तक्त्यात एक दुसरा रकाना असायचा, तो म्हणजे नोटिफिकेशन कायमची बंद करणाऱ्यांचा. तोही हळूहळू वर सरकायचा. एकदा माणसाने ते बटण दाबलं की तो दरवाजा पुन्हा उघडणं जवळपास अशक्य. म्हणून किती डिवचायचं, हा हिशोब प्रत्येक ॲप सतत करत असतं. शेजारचं ॲप जास्त डिवचायला लागलं की आपलीही मर्यादा ढळते, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या क्षणात खरी कुस्ती झाली, आणि तिथे टिकटॉकने डाव बदलला. तो डाव समजून घ्या, कारण तुमच्या आकड्यांचं कोडं त्यातच आहे.

पूर्वी फीड म्हणजे तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचं म्हणणं. फेसबुकने २००६ मध्ये न्यूज फीड आणलं तेव्हा त्यात ओळखीचीच माणसं होती. अशा फीडला तळ असतो. मित्र किती आणि ते दिवसभरात टाकणार किती? टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्सने ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे छोट्या व्हिडिओंचं ॲप टिकटॉकमध्ये विलीन केलं. तिथे उघडल्या उघडल्या समोर येत होते अनोळखी लोकांचे व्हिडिओ, आणि ते तुमच्या वागण्यावरून निवडलेले. यात छोट्या व्हिडिओचा एक मोठा फायदा होता, तो फारसा बोलला जात नाही. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर ॲपला तुमच्याबद्दल एखाद-दोन गोष्टी कळतात. त्याच वीस मिनिटांत पन्नास छोटे व्हिडिओ सरकवले तर प्रत्येक सरकवणं हा एक कौल असतो: हा दोन सेकंदांत नाकारला, हा अर्धा पाहिला, हा दोनदा पाहिला. पूर्ण स्क्रीनवर एका वेळी एकच व्हिडिओ असल्यामुळे कौल कशाबद्दल आहे यात गोंधळही नसतो. ज्याच्याकडे असे कौल जास्त, त्याचा अंदाज लवकर सुधारतो. अंदाज सुधारला की माणूस जास्त थांबतो, आणि आणखी कौल देतो. बाकीच्यांना छोट्या व्हिडिओच्या मागे धावावं लागलं ते यामुळे. नाचगाण्यांची हौस कुणालाच नव्हती.

नक्कल ही या धंद्यात लाजेची गोष्ट नाही. स्नॅपचॅटने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टोरीज (चोवीस तासांनी आपोआप गायब होणाऱ्या पोस्ट) आणल्या, इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये त्या जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या, नावासकट. आणि इन्स्टाग्रामचे सहसंस्थापक केविन सिस्ट्रॉम यांनी श्रेय स्नॅपचॅटचं आहे हे मोकळेपणाने मान्यही केलं. पाठोपाठ फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर तसंच स्टेटस आलं. पण नक्कल केली की यश येतंच असं नाही. ट्विटरने नोव्हेंबर २०२० मध्ये स्टोरीजसारखेच फ्लीट्स आणले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये गुंडाळले. फेसबुकने टिकटॉकला उत्तर म्हणून २०१८ मध्ये लासो नावाचं वेगळं ॲप काढलं, ते जुलै २०२० मध्ये बंद केलं आणि तेच काम इन्स्टाग्रामच्या पोटात रील्स म्हणून घातलं. माणसं जिथे आधीपासून रोज येतात आणि त्या फीचरची सवय त्यांच्या तिथल्या येण्याच्या कारणाशी जुळते, तिथेच नक्कल रुजते. नव्या ॲपला माणूस आणण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तेच सगळ्यात महाग काम.

रील्स आणि शॉर्ट्सच्या तारखा एकदा ओळीने पाहा. भारतात टिकटॉकवर बंदी आली २९ जून २०२० ला. जुलैमध्ये रील्स भारतात सुरू झाल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. एका रात्रीत कोट्यवधी लोकांची सवय मोकळी झाली होती आणि दोघांनाही ती दुसऱ्याच्या आधी पकडायची होती. सवय पकडायची तर व्हिडिओ हवेत आणि व्हिडिओ हवेत तर ते बनवणारे हवेत. तुम्ही-आम्ही या गोष्टीत येतो ते इथे. आपण या दुकानातले गिऱ्हाईक नाही, माल पुरवणारे आहोत. नवीन दुकान उघडलं की पुरवठादाराला चहा विचारला जातो. शेल्फ भरले की तोच चहा बंद होतो.

आणि तसंच झालं. यूट्यूबने मे २०२१ मध्ये शॉर्ट्ससाठी १० कोटी डॉलरचा फंड जाहीर केला. मेटाने (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी, तेव्हा नाव फेसबुकच) जुलै २०२१ मध्ये २०२२ अखेरपर्यंत क्रिएटरांना १०० कोटी डॉलरहून जास्त देण्याची घोषणा केली. रील्सचा बोनस हा त्यातलाच. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत इन्स्टाग्रामवरचा तो बोनस थांबवला गेला. यूट्यूबने मात्र फेब्रुवारी २०२३ पासून फंडाच्या जागी जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा द्यायला सुरुवात केली: शॉर्ट्सच्या जाहिरातींतून क्रिएटरांसाठी बाजूला काढलेल्या रकमेतले ४५ टक्के, तर लांब व्हिडिओंवर ५५ टक्के. दोन्हीला वरवर "पैसे मिळतात" असंच म्हटलं जातं, पण फंड किंवा बोनस हा प्रचाराचा खर्च असतो. प्रतिस्पर्ध्याची भीती आहे तोवर तो वाहतो. उत्पन्नातला वाटा हा व्यवहार असतो, कमी-जास्त होईल, पण त्यात दोघांचंही काहीतरी अडकलेलं असतं.

हीच कसोटी मी रीचलाही, म्हणजे व्हिडिओ किती जणांपर्यंत पोचतो त्यालाही, लावते. एखादं ॲप एखाद्या प्रकाराला अचानक उचलायला लागलं की मी विचारते, हे कुणाच्या विरोधात चाललंय? टिकटॉक दहा मिनिटांचे व्हिडिओ घेऊ लागलं (फेब्रुवारी २०२२), तेव्हा रोख यूट्यूबकडे होता. यूट्यूबने शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर नेली आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनेही रील्ससाठी तेच केलं. प्रत्येक वेळी नव्या लांबीचा माल कमी असतो, म्हणून सुरुवातीला तो असलेल्यांना जास्त दाखवलं जातं. पुढे सगळेच तो टाकायला लागतात आणि जादाचा रीच विरून जातो. यात तुमच्या व्हिडिओचा दर्जा बदललेला नसतो.

आता आकडे का जुळत नाहीत, ते. कारण ते एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि मोजण्याची रीतही स्पर्धेतूनच ठरते. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी व्ह्यूजपेक्षा वॉच टाइमला (किती वेळ पाहिलं त्याला) महत्त्व दिलं, कारण भडक थंबनेलवर (व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर) क्लिक करून लोक लगेच परत जात होते. शॉर्ट्सच्या बाबतीत ते उलट दिशेने गेले: ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची किमान अट नाही. पैशाचा हिशोब मात्र खऱ्या पाहणाऱ्यांच्या वेगळ्या आकड्यावर होतो, तो आकडा ॲनालिटिक्समध्ये (चॅनेलच्या आकडेवारीच्या पानावर) आहे, पण शोधावा लागतो. तुमचे शॉर्ट्स "चढले" असं तुम्हाला वाटतंय, त्यात या बदलाचा हात किती, हे आधी तपासा. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते फुगवून सांगत होते, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना सरासरी काढताना वगळलं होतं. जाहिरातदार चांगलेच भडकले होते.

म्हणून तीन ॲपवरचे व्ह्यूज एका तक्त्यात शेजारी ठेवू नका. प्रत्येक ॲपची तुलना त्याच ॲपच्या मागच्या महिन्याशी करा, आणि पाहा ते हे: पहिल्या तीन सेकंदांत किती टक्के टिकले, शेवटपर्यंत किती पोचले, आणि किती जणांनी तो कुणाला तरी पाठवला. पाठवण्याला मी सर्वांत जास्त मान देते. लाइक अंगठ्याच्या सवयीने पडतो. पाठवताना मात्र माणूस दुसऱ्या एका माणसाचा विचार करतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही रीचच्या प्रमाणात व्हिडिओ किती पाठवला गेला हा महत्त्वाचा संकेत असल्याचं सांगितलं आहे. त्यामागचं कारणही स्पर्धेचंच आहे: फीड अनोळखी लोकांनी भरलं, मित्र मेसेजमध्ये गेले. अमेरिकेतल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने मेटाविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीनेच मांडलं की फेसबुकवरच्या वेळेपैकी फक्त १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवर ७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं पाहण्यात जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल मेटाच्या बाजूने दिला, आणि त्यात टिकटॉक व यूट्यूब हे खरेखुरे प्रतिस्पर्धी आहेत हा मुद्दा निर्णायक ठरला. ओळखीची माणसं ज्या धाग्याने अजून ॲपशी बांधलेली आहेत, तो धागा म्हणजे एकमेकांना पाठवलेले व्हिडिओ.

आणखी एक आघाडी आहे, दारं बंद करण्याची. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटलेलं त्याचं नाव-चिन्ह) दिसणाऱ्या रील्सची शिफारस कमी होईल. ट्विटरने डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनकडे नेणाऱ्या प्रोफाइल लिंकवर बंदी आणली आणि गदारोळ झाल्यावर एका दिवसात मागे घेतली. २०१३ च्या जानेवारीत ट्विटरचं वाइन हे सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप सुरू झालं, त्याच दिवशी फेसबुकने त्याला आपल्याकडची मित्रयादी वापरण्यापासून तोडलं होतं; ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून ते बाहेर आलं. बाहेर जाणारी लिंक कुणालाच आवडत नाही, तुमच्या व्हिडिओखालचीही नाही.

प्रेक्षक या सगळ्यात अगदीच मुका आहे असंही नाही. २०२२ मध्ये इन्स्टाग्रामने पूर्ण स्क्रीनचं फीड आणि शिफारशींचा मारा सुरू केला तेव्हा जुलैमध्ये इतकी ओरड झाली की काही दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. टिकटॉकने २०२४ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये टिकटॉक लाइट या हलक्या आवृत्तीवर व्हिडिओ पाहण्याचे गुण देऊन बक्षिसं सुरू केली. युरोपियन कमिशनने चौकशी लावल्यावर ती योजना युरोपियन युनियनमधून कायमची मागे घेतली. पाहण्यासाठीच मोबदला द्यायची पाळी येते, यावरून लक्षाचा भाव कुठे पोचलाय ते कळतं.

तर तुमच्यासाठी. भौतिकशास्त्र हा शोधून पाहिला जाणारा विषय आहे. "जडत्व म्हणजे काय" हे कुणीतरी पुढच्या वर्षीही टाइप करणार. तेव्हा तुमचं मुख्य काम मी शोध चालतो तिथे, म्हणजे यूट्यूबवर आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये ठेवेन, आणि शॉर्ट्स-रील्स त्यातूनच कापून काढेन. उत्पन्न शिकवणीतून येत असेल तर हे आणखी लागू, कारण शिकायला पैसे भरणारा माणूस तुमच्याबरोबर बराच वेळ घालवून आलेला असतो. उत्पन्न ब्रँडच्या जाहिरातींतून असेल तर इन्स्टाग्राम सोडू नका, ब्रँडवाले बहुधा आधी तिथेच पाहतात. मूळ फाइल कुठल्याही ॲपच्या एडिटरमध्ये न बनवता बाहेर बनवा आणि वॉटरमार्कशिवाय जपून ठेवा. ज्यांना तुमचं खरंच हवंय त्यांचे ईमेल गोळा करा; संख्या लहान असेल, पण त्या यादीच्या आणि तुमच्या मध्ये कुणाचा अल्गोरिदम नसतो. आणि नवीन फीचर आलं की जरूर वापरा, पण एरवीही बनवला असता असाच व्हिडिओ टाकून. बोनससाठी वेगळी धाटणी उभी केली आणि बोनस गेला, तर हातात धाटणी उरते आणि ती बघणारं कुणी नसतं.

राहिला नवीन अकाउंटचा प्रश्न. माझा सल्ला, नका काढू. आता शिफारस मुख्यतः प्रत्येक व्हिडिओ पाहून होते, त्यामुळे नवीन अकाउंटला वेगळी माया मिळेल ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते, आणि जुने पाहणारे हातचे जातात. त्याऐवजी हे करा. रील्स जोरात होत्या तेव्हाच्या दहा रील्स घ्या आणि आताच्या दहा. दोन्हीकडचं पहिल्या तीन सेकंदांचं टिकणं आणि पाठवण्याचं प्रमाण काढा. हे दोन्ही आकडे पूर्वीसारखेच असतील आणि फक्त रीच पडला असेल, तर बदल त्यांच्याकडे झालाय. वाट पाहा, तोवर यूट्यूबकडे जास्त वेळ द्या. टिकणंही पडलं असेल तर दोष सुरुवातीत शोधा. शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बहुधा "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" याच वाक्यात सुटतात. त्याऐवजी पहिल्याच सेकंदाला पडणारा चेंडू किंवा पेटणारा दिवा दाखवून पाहा आणि पुढच्या दहा रील्सचे आकडे इथेच लिहा, मग पुढचं बोलू.